उद्या परत उचलायचं आहे

नोकरी, घर आणि रोजचा प्रवास सांभाळून आठवड्यातून तीन-चारदा बारपाशी उभा राहणारा तो हौशी वेटलिफ्टर. त्याला सल्ले देणारे भरपूर भेटतात, पण सल्ले दोन टोकांचे असतात. तालमीत मुरलेली माणसं डोळ्यांनी बघून, हाताने सरळ करून शिकवतात आणि कागदावरचा आराखडा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. नव्या पिढीला आकडा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. तिच्या लेखी जे मोजलं नाही ते झालंच नाही. या दोन बाजूंना इथे मामा आणि भाची केलं आहे. पात्रं कल्पित आहेत, मतं मात्र कुठल्याही व्यायामशाळेत ऐकू येतील अशी.

मामा सांगलीचे. तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, आता निवृत्त. संध्याकाळी तालमीत पोरांना शिकवतात. भाची पुण्यात बँकेत अधिकारी, वय ३१. दिवाळीला आजोळी आली आहे आणि महिन्याभराने तिची पहिली जिल्हा स्पर्धा आहे.

मामा : दाखव की ती वही. स्क्वॉट, पाच-पाचचे पाच सेट, साठ किलो. त्याच्यापुढं साडेबासष्ट. मग पासष्ट. हे काय, पाढा लिहिलायस?

भाची : आराखडा आहे मामा. दर वेळी अडीच किलो वाढवायचे.

मामा : आठवड्यात तीन वेळा म्हणजे साडेसात किलो. वर्षाला तीनशे नव्वद. पुढच्या दिवाळीला साडेचारशे किलो खांद्यावर घेऊन येणार म्हण की तू.

भाची : चेष्टा नका करू. पहिले काही महिने खरंच तसं वाढलं. सुरुवातीची वाढ मुख्यतः स्नायू जाड झाल्यामुळे नसते. आहेत तेच स्नायू एकदम कामाला जुंपायला मज्जासंस्था शिकते. म्हणून वजन भराभर चढतं.

मामा : आणि ते शिकणं संपलं की?

भाची : संपलंय बहुतेक. दोन महिने साठवरच आहे. दर वेळी साडेबासष्ट घालते, तिसऱ्या सेटला अडकते.

मामा : आणि परत दोन दिवसांनी तेच. आता वजनाला हात लावू नकोस. साठवर पाचाऐवजी सहा वेळा बस. सगळ्या सेटला सहा नीट जमले की सात. सात जमले की मग वजन वाढव आणि परत पाचावर ये. बारवरचं वजन वाढवणं हा वाढीचा एकच रस्ता नाही.

भाची : हे पटतं. आणि सगळ्या प्रकारांना अडीचची उडी सारखी नसते, हेही मला वहीमुळेच कळलं. साठच्या स्क्वॉटला अडीच किलो म्हणजे चार टक्के. तीसच्या प्रेसला तेच अडीच म्हणजे आठ टक्के. म्हणून मी अर्धा-अर्धा किलोच्या स्वतःच्या प्लेटा घेतल्यात. बॅगेतून नेते.

मामा : हे बेस केलंस. लोक बुटांवर पाच हजार घालतात आणि अर्ध्या किलोची प्लेट घ्यायला लाजतात.

भाची : मग वही वाईट का? आपण ज्याला पद्धतशीर वजन वाढवणं म्हणतो ते जगाला नीट मांडून दाखवलं थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे तो वजनं लावून सुधारत होता. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन काढायचं. त्याच्या निम्म्याने एक सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. नोंद ठेवली नसती तर त्याला कळलं असतं का, की कोणाचा पाय किती सुधारला?

मामा : वही वाईट म्हणालो का मी? वहीत काय लिहायचं ते तुला कळत नाही असं म्हणतोय. एक सांग, तुझ्या जिममधला बार किती किलोचा?

भाची : वीस.

मामा : काट्यावर घातला होतास?

भाची : ... नाही.

मामा : घाल. साध्या जिममधला बार कधी अठरा भरतो, कधी पंधरा. आणि स्पर्धेत बायकांचा बार पंधरा किलोचा असतो, जाडी पंचवीस मिलिमीटर. पुरुषांचा वीस किलो, अठ्ठावीस मिलिमीटर. तुझ्या मुठीला आयुष्यभर जाड बारची सवय. स्पर्धेआधी चार-सहा वेळा तरी बायकांच्या बारवर सराव मिळेल अशी जागा शोध. तुझे सगळे आकडे त्या एका न मोजलेल्या बारवर उभे आहेत.

भाची : मानलं. पण मग तुमच्या तालमीतली पोरं काय उचलतात ते तुम्ही कुठे लिहिता?

मामा : इथं. (कपाळावर बोट.)

भाची : अठरा पोरं आहेत तुमची. परवा तुम्ही त्या थोरल्याला विचारत होतात, "मागच्या मंगळवारी किती घातलं होतंस रे?" त्यालाही आठवेना. शेवटी अंदाजाने घातलं. तो सुधारतोय की नाही हे तुम्हाला दोघांनाही माहीत नाही.

मामा : तो हललेला दिसतो ना मला.

भाची : एका दिवसाचा दिसतो. तीन महिन्यांचा नाही दिसत. तारीख, वजन, किती वेळा, शेवटची वेळ जड गेली की सोपी, आदल्या रात्री झोप किती. प्रत्येक पोराच्या पाच ओळी. एवढं तरी कराच.

मामा : बरं, दोनशे पानी वही आणतो. पण तुझ्या वहीत दर शनिवारी लाल शाईत काय लिहिलंय हे? "मॅक्स : ५३. मॅक्स : ५५, हुकलं. मॅक्स : ५५. मॅक्स : ५६, हुकलं."

भाची : क्लीन अँड जर्कची कमाल. कुठे आहे ते कळायला नको का?

मामा : तू बँकेतली ना? मुदत ठेव दर शनिवारी मोडून व्याज किती झालं ते बघतेस काय?

भाची : एवढं नुकसान होतं?

मामा : एका कमाल वजनानं काही होत नाही. पण त्यानंतर दोन दिवस तुझा सराव ढिला पडतो, आणि हुकलेलं वजन डोक्यात बसतं. वजन हुकायचीही सवय लागते गं. सरावात दहातली नऊ वजनं जमलीच पाहिजेत. दोन-तीन महिन्यांतून एकदा बघ कमाल. स्पर्धा असली की तीच कमाल.

भाची : मधल्या काळात हिशोबाने काढता येतं. चाळीस किलो पाच वेळा जमलं, तर पाचाला तिसाने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि चाळिसाने गुणायचं. सेहेचाळीस-सत्तेचाळीस येतं. साधारण कमाल तेवढी. स्क्वॉट-प्रेसला हे बरं चालतं, स्नॅचला नाही.

मामा : स्नॅचला नाहीच. तिथं पाचव्यांदा ताकद संपत नाही, ढंग बिघडतो. म्हणून स्नॅच, क्लीन अँड जर्क एका सेटला तीनच्या वर कधी करायचं नाही.

भाची : किती सेट मग? सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांचा तक्ता आहे. वरच्या दर्जाच्या लिफ्टरांच्या नोंदी तपासून बनवलेला. कमालीच्या ऐंशी ते नव्वद टक्क्यांत एका सेटला दोन ते चार, आणि दिवसाला एकूण पंधराच्या आसपास. दहाच्या खाली नको, विसाच्या वर नको.

मामा : ते लोक काय करायचे दिवसभर? उचलायचे, जेवायचे, झोपायचे. तू दिवसभर कर्जाच्या फायली बघून, तासभर गाडी चालवून संध्याकाळी जाणार. तुला त्यातला खालचा आकडा. दहा. दहा पण देखणे.

भाची : आणि शेवटचा सेट अगदी हात सुटेपर्यंत? आमच्या जिममध्ये सगळे तेच सांगतात.

मामा : दंडाला, पोटरीला, मशीनवर कधीमधी कर, बिघडत नाही. स्क्वॉट-डेडलिफ्टला आणखी एक-दोन वेळा जमलं असतं असं वाटताना थांब. लोकांना वाटतं तो भित्रेपणा. अगं, आज एकदा जास्त बसलीस आणि परवा आलीच नाहीस, तर हिशोब कोणाचा चुकला? हौशी माणसाची ताकद बारवर कमी पडत नाही, ती आठवडे बुडाल्यामुळं कमी पडते. आज एवढंच उचलायचं की परवा परत उचलता येईल.

भाची : हे वाक्य तुम्ही प्रत्येक पोराला सांगता?

मामा : सांगतो. ऐकत कोणी नाही. चल, आता उचलून दाखव. तीस घाल. थांब, आधी पायाच्या बोटांपुढं खडूची रेघ मार.

(भाची चॉकने रेघ ओढते, अंगठा बारभोवती घालून त्यावर बोटं आवळते, खाली बसते. बार नडगीला घासत वर येतो, मांड्यांपर्यंत जातो. पाय आपटतात आणि बार खांद्यांवर स्थिरावतो. ती खाली बघते. दोन्ही पावलं रेघेच्या तीन बोटं पुढे पडली आहेत.)

मामा : बघितलंस?

भाची : पुढे उडी मारली मी.

मामा : तू नाही मारलीस, बारनं तुला ओढलं. मांडीपर्यंत बार अंगालगत होता. तिथून तू दंडानं ओढायला लागलीस. कोपर वाकला की बार अंगापासून सुटतो आणि त्याला गाठायला तुला पुढं पळावं लागतं. तिसाला निभतं. पंचावन्नला हुकतं. तुझ्या लाल शाईतलं "हुकलं" ते हेच. ताकद कमी नाही तुझी.

भाची : मग आता?

मामा : गुडघ्याच्या वर बार धरून उभी राहा, हात दोरीसारखे सैल. तिथून फक्त पायानं ढकल, उभी हो, मग हात. तीस किलोवर, आठवडाभर, रोजच्या सरावाच्या सुरुवातीला. आणि रेघ रोज मार. रेघेला आरशापेक्षा जास्त कळतं.

भाची : मोबाइलवर चित्रीकरण करते, तेव्हा हे दिसलं नाही.

मामा : समोरून केलं असशील. समोरून आपण सगळेच बरे दिसतो. बाजूनं कर, कमरेच्या उंचीवर फोन ठेवून, सगळी प्लेट दिसेल असं. आणि दहा व्हिडिओ नकोत. एका दिवशी एक चूक, त्या एका चुकीचा एक व्हिडिओ.

भाची : डेडलिफ्टला पण माझी कंबर गोल होते असं म्हणतात.

मामा : कुठल्या प्लेटा लावतेस?

भाची : दहाच्या. लोखंडी.

मामा : छोट्या. स्पर्धेची प्लेट पंचेचाळीस सेंटीमीटर व्यासाची असते. बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर बसतो. तुझ्या छोट्या प्लेटांमुळं बार खाली जातो. मग कंबर वाकवल्याशिवाय हात पोचतच नाही. दोन्हीकडं लाकडी फळ्या नाहीतर आडव्या प्लेटा घालून बार नडगीच्या मध्यावर आण. अर्ध्या लोकांची "कंबर वाकते" ही तक्रार फळीनं मिटते.

भाची : आणि स्क्वॉट? जिममधला ट्रेनर म्हणतो, गुडघा बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही आणि मांडी आडवी झाली की थांबायचं. नाहीतर गुडघे जातात.

मामा : मग आपल्या आज्या भाजी निवडायला, भाकरी थापायला कशा बसायच्या? निरोगी गुडघ्याला पूर्ण बैठक चालते. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढं जाणारच. टाच उचलू द्यायची नाही, गुडघा पावलाच्या दिशेनं जाऊ द्यायचा आणि खाली आपटायचं नाही, एवढं बघायचं. ज्याचा गुडघा आधीच बिघडलाय त्याची गोष्ट वेगळी. त्यानं डॉक्टरला विचारावं.

भाची : श्वासाचं सांगा. बेल्ट घेऊ का?

मामा : बसण्याआधी पोटात श्वास भर. छातीत नाही, पोटात. पुढं, बाजूला, पाठीकडं सगळीकडं घेर फुगला पाहिजे. तो धरून खाली जा, वर येताना अवघड जागा संपली की सोड. दर वेळी नवा श्वास. बेल्ट त्या फुगलेल्या पोटाला टेकायला असतो. पोट फुगवता येत नसेल तर बेल्ट नुसता दागिना.

भाची : श्वास धरल्याने रक्तदाब तेवढ्यापुरता चांगलाच वाढतो, हे पण सांगत जा पोरांच्या वडिलांना. ते पन्नाशीतले दोघं येतात ना, त्यांनी रक्तदाब तपासून, डॉक्टरांना विचारूनच जड वजनाला हात लावायचा. तोपर्यंत हलकं वजन आणि चालता श्वास.

मामा : खरंय. सांगतो. आमच्या वेळी हे कोण बघत नव्हतं.

भाची : तुमच्या वेळी बरंच काही बघत नव्हते. दुखलं की काय करायचा?

मामा : हळद-मीठ लावायचं, परत उतरायचं. दुखतंय म्हणजे लागू पडतंय.

भाची : तो वरच्या फळीवरचा डबा काढा बघू उजव्या हाताने.

मामा : ... तू काढ.

भाची : बघा. दुखणं दोन तऱ्हेचं असतं मामा. मांड्या, पाठ, दोन्ही बाजूंना सारखं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त आणि अंग गरम झालं की कमी, ते सरावाचं. त्यावर हलकं वजन चालतं. एकाच बाजूला, सांध्यात, बोटाने दाखवता येईल अशा एका ठिकाणी, टोचणारं, रात्री झोपेतून उठवणारं. किंवा मुंग्या येणं, कळ पायात उतरणं, हातातली पकड जाणं. ते सरावाचं नाही. तिथे थांबायचं आणि तज्ज्ञाकडे जायचं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. वजन भराभर वाढतं तेव्हाच कोपर-गुडघे कुरकुरतात, ते म्हणून.

मामा : खांद्याचं बोललीस ते बरोबर आहे. पण एक विचारतो. आपल्या सांगलीचा संकेत सरगर. २०२२, बर्मिंगहॅम. स्नॅचला ११३, पहिल्या जर्कला १३५. दुसऱ्या प्रयत्नाला कोपर गेला. तरी तो तिसऱ्याला बाहेर आला. जमलं नाही, २४८ वर रौप्य, सोनं एका किलोनं गेलं. वडिलांची पानाची टपरी, चहाचा गाडा. त्याला तू थांब म्हणाली असतीस?

भाची : नाही. ती राष्ट्रकुल स्पर्धा होती. तिथे त्याने काय पणाला लावायचं ते ठरवायचा हक्क त्याचा होता. पण मंगळवारी संध्याकाळी, कोणी बघत नसताना, दुखऱ्या कोपराने पंचावन्न किलो उचलून मी काय जिंकणार आहे? लोक मोठ्या खेळाडूंचा शेवटचा प्रयत्न बघतात आणि रोजच्या सरावात त्याची नक्कल करतात.

मामा : हे पोरांपुढं बोल एकदा. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

भाची : माझी खरी अडचण वेगळी आहे. तिमाही संपत आली की आठ-आठ दिवस जिम होत नाही. मग आल्यावर वाटतं, बुडालेलं भरून काढू.

मामा : तिथंच माणूस लागतो. बुडालेलं भरून काढायचं नसतं. आठवडा बुडाला तर शेवटच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांवर ये. महिना बुडाला तर सत्तरवर, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर. लवकरच येतेस जागेवर. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर येते. आणि गर्दीचा आठवडा आधीच माहीत असेल तर तेव्हा दोनच दिवस ठेव, चाळीस-चाळीस मिनिटं.

भाची : त्या चाळीस मिनिटांत काय?

मामा : आधी वेगाचं आणि कसबाचं : एक दिवस स्नॅच, एक दिवस क्लीन अँड जर्क. मग स्क्वॉट. मग वेळ उरला तर प्रेस नाहीतर रोइंग. दंड-बिंड शेवटी, नाही झालं तर नाही. पहिला सेट मोकळ्या बारचा, तो कधीही गाळायचा नाही. मग तीन-चार पायऱ्यांनी वर.

भाची : जड सेटमध्ये तीन मिनिटं थांबायचं, हेही सांगा. आमच्याकडे लोक अर्ध्या मिनिटात परत सुरू करतात आणि म्हणतात ताकद वाढत नाही. दम लागणं आणि ताकद वाढणं ही दोन कामं आहेत.

मामा : पण त्या तीन मिनिटांत फोन बघत बसलीस तर ती दहा होतात.

भाची : (फोन पिशवीत टाकत) खुराकाचं बोलू. तुमचं ठरलेलं : दूध, बदाम, तूप.

मामा : आणि तुझं ठरलेलं : डब्यातली पावडर.

भाची : माझं ठरलेलं आकड्यात आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या एका किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित गणित २०१८ मध्ये मांडलं गेलं, त्यात हा आकडा आला. मी ५८ किलो. म्हणजे त्र्याण्णव ग्रॅम. तुपात प्रथिनं नसतात. बदामात असतात, पण चार बदामांनी काय होतं?

मामा : मग घरच्या जेवणात बसव की त्र्याण्णव. बघू जमतंय का.

भाची : दोन अंडी, बारा. मटकी पन्नास ग्रॅम भिजवून उसळ, अकरा-बारा. अर्धा लिटर दूध, सोळा. दोन वाट्या दही, सहा-सात. सोयाबीनच्या वड्या चाळीस ग्रॅम, वीस. मूठभर शेंगदाणे, सात. ज्वारीच्या भाकऱ्या, दहा. पनीर पन्नास ग्रॅम, नऊ. झाले की नव्वदच्या वर.

मामा : पावडरीशिवाय!

भाची : हो, पण सकाळी सातला घर सोडणाऱ्या माणसाला एवढं सगळं रोज जमत नाही. ज्या दिवशी उसळ राहते त्या दिवशी एक चमचा पावडर. ती दुधाचीच असते मामा, जादू नाही आणि विषही नाही. क्रिएटिन पण रोज तीन ते पाच ग्रॅम घेते; पुष्कळ तपासलेली गोष्ट आहे ती. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्याने मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

मामा : एक ऐक. नाव-गाव नसलेला, जिममधल्या कोणीतरी "याने लवकर होतं" म्हणून दिलेला डबा घ्यायचा नाही. स्पर्धेत उतरलीस की तुझी तपासणी होऊ शकते. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच. डब्यावर लिहिलं नव्हतं, ही सबब चालत नाही. वेटलिफ्टिंगनं आपल्याकडं या कारणानं लई बदनामी सोसलीय.

भाची : नाही घेणार. पण वजनाचं काय करू? काही किलो उतरवले तर खालच्या गटात जाते. तिथे मुली कमी असतील.

मामा : पहिली स्पर्धा ना? मग आहे त्या वजनाला खेळ. पाणी तोडून, उपाशी राहून तिथं गेलीस तर हात थरथरतील आणि तुला कळणारही नाही की ढंग चुकला की पोट रिकामं होतं. वजन-नोंदणी स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते. नोंद झाली की केळं, गूळ-पोळी, मीठ-साखरेचं पाणी. ओळखीचं खायचं, नवीन काही नाही.

भाची : आई विचारत होती, बायकांनी एवढं वजन उचललेलं चालतं का म्हणून.

मामा : तुझी आई म्हणजे माझी बहीण, तिला मी सांगतो. २००० साली सिडनीत बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि त्याच वर्षी करनम मल्लेश्वरीनं २४० किलोवर कांस्य आणलं. भारतीय बाईचं पहिलं ऑलिम्पिक पदक वजनाचं आहे. पुढं बोल.

भाची : पुढे मुद्द्याचं. तीन-तीन प्रयत्न कसे लावायचे? माझं स्नॅचचं चांगलं ४२, जर्कचं ५५. मी जर्क ५३ पासून सुरू करणार आहे.

मामा : नाही.

भाची : का? पंचावन्न झालंय ना.

मामा : शनिवारी झालंय. ओळखीच्या जिममध्ये, ओळखीच्या बारवर, हवा तेवढा वेळ घेऊन. तिथं नाव पुकारलं की एक मिनिट. पांढरा दिवा देणारे तीन पंच. आणि नियम असा की बारवरचं वजन खाली येत नाही. पहिलं हुकलं तर तेच परत, नाहीतर वर. रिओला २०१६ साली मीराबाई चानूचे जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकले. स्नॅच झालं होतं, पण तिच्या नावापुढं बेरीजच लागली नाही. तीच मीराबाई पुढच्या वर्षी जागतिक विजेती झाली आणि टोकियोत २०२ किलोवर रौप्य घेऊन आली. तिला परत यायला जागा होती. हौशी माणूस पहिल्याच स्पर्धेत असा बाहेर पडला की बऱ्याचदा परत येत नाही.

भाची : मग किती?

मामा : आजारी पडलेली असतानाही तीन वेळा उचलशील तेवढं. अठ्ठेचाळीस.

भाची : अठ्ठेचाळीस फार कमी आहे. तेवढ्यावर माझा वेग पण लागत नाही, बार हलका वाटतो आणि मी घाई करते. वहीत बघा, पन्नास मी तीनदा सलग केलंय, दोन वेगवेगळ्या आठवड्यांत, दोन्ही वेळा सोपं गेल्याची नोंद आहे.

मामा : दाखव. ... हं. आदल्या रात्री साडेपाच तास झोप, तरी सोपं?

भाची : म्हणूनच झोप लिहिते.

मामा : मग पन्नास. वहीनं दोन किलो मिळवले तुझे. स्नॅच अडतीस.

भाची : दुसरा?

मामा : दुसरा सरावात हमखास जमलेला. जर्क त्रेपन्न, स्नॅच एक्केचाळीस. त्यावर बेरीज उभी राहते. पण १९७२ पर्यंत स्पर्धेत प्रेस होता, माहितीय ना? लोक आकड्यापायी इतके मागं वाकायला लागले की तो प्रेस आहे की काय हे पंचांना ठरवता येईना, शेवटी प्रकारच काढून टाकला. तसं करू नकोस. रेघेच्या पुढं पडून त्रेपन्न झालं, तर छप्पनचं स्वप्न बघायचं नाही.

भाची : आणि रेघेवर पडलं तर?

मामा : तर तिसरा आकडा तुझा. तिथं मी बोलणार नाही.

भाची : छप्पन. आणि वर्षभर त्यासाठी आठवडे बुडवणार नाही.

मामा : लिहून ठेव. खाली हेही लिही : पातळ मोजे, चॉक, केळी, नखं कापणं. आणि आधार कार्ड. पोरं वर्षभर सराव करतात आणि वजन-नोंदणीच्या दारात ओळखपत्र घरी राहिलं म्हणून फोन लावत बसतात.